मूल सांगत असते. शाळा ऐकते का?

(शिक्षक व पालक यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



शाळेतील हिंसाचार हे शब्द कानावर पडले की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम अमेरिका उभी राहते. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कुलात दोन विद्यार्थ्यांनी बंदुका चालवून बारा सहाध्यायी आणि एक शिक्षक यांचे प्राण घेतले व अखेर स्वतःचाही शेवट करून घेतला. त्यानंतर त्या देशातून अशा बातम्या वरचेवर येत राहिल्या. आपल्याकडील वाचक त्या वाचून क्षणभर हळहळतो आणि ‘आपल्याकडे निदान हे तरी नाही’ असे म्हणून वृत्तपत्राचे पान उलटतो. हे समाधान कितपत खरे आहे, याचा विचार शिक्षकांनी तरी केला पाहिजे.

फेब्रुवारी २०१२ मध्ये चेन्नईच्या एका शाळेत नववीतल्या मुलाने आपल्या शिक्षिकेला वर्गातच भोसकून ठार केले. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राम येथे सात वर्षांच्या मुलाची शाळेच्या स्वच्छतागृहात गळा चिरून हत्या झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि संतप्त जमावाने रेल्वे रोखून धरली. हे प्रसंग वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आले. जे कोणत्याच पानावर येत नाही त्याचा अंदाज केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीवरून येतो. तेरा राज्यांतील या पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत शारीरिक शिक्षा भोगल्याचे सांगितले. दर तीन मुलांमागे दोन मुले मार खातात, त्या देशाने शाळेतील हिंसाचार हा परदेशी रोग मानणे ही आत्मवंचना होय.

म्हणून प्रारंभीच ‘हिंसा’ या शब्दाची व्याप्ती नीट ठरवून घेतली पाहिजे. मोठ्यांनी मुलांवर केलेली हिंसा, मुलांनी मुलांवर केलेली हिंसा आणि मुलाने स्वतःच्याच जिवावर उठणे, या तिन्ही गोष्टी एकाच विषयाची अंगे आहेत. कारण एकीतून दुसरी जन्माला येते. शिवाय जिचा वळ अंगावर उमटत नाही, अशी चौथीही एक हिंसा आहे. साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना बाबासाहेब आंबेडकरांना वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. नळाला त्यांनी हात लावायचा नव्हता. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे आणि शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे. या अनुभवाची नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. त्या वर्गात कोणी कोणाला मारले नव्हते. तरीही तेथे रोज हिंसा होत होती. आणि ती पाहण्यासाठी विशेष दृष्टीची गरज नव्हती, कारण ते गोणपाट सर्वांच्या समोरच अंथरलेले होते.

इशारा मिळतो

असे प्रकार आधी ओळखता येतात काय, हा आजच्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे. कोलंबाइननंतर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने मिळून याच प्रश्नाचा अभ्यास केला. १९७४ ते २००० या काळातील ३७ घटना आणि त्यांतील ४१ हल्लेखोर यांची छाननी करून २००२ साली त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील काही निष्कर्ष प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असावेत असे आहेत.

पहिला निष्कर्ष असा की, हे हल्ले क्वचितच तिरीमिरीत झालेले होते. बहुतेक मुलांनी ते आधी योजलेले होते. दुसरा असा की, ८१ टक्के घटनांमध्ये हल्लेखोराच्या मनात काय चालले आहे, हे निदान एका व्यक्तीला पूर्वीच ठाऊक होते आणि ती व्यक्ती बहुधा मित्र, वर्गबंधू किंवा भावंड होती. तिसरा असा की, ९३ टक्के मुलांच्या वागण्यात आधीपासून काहीतरी चिंताजनक आढळले होते. सुमारे ७१ टक्के मुलांनी इतरांकडून छळ सोसलेला होता आणि बहुसंख्य मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, हल्लेखोर मुलाचा असा कोणताही ठरावीक साचा सापडला नाही. त्यांत हुशार होते तसे नापास होणारेही होते. एकलकोंडे होते तसे मित्रांच्या घोळक्यात वावरणारेही होते.

त्याच सीक्रेट सर्व्हिसने २०२१ साली उलट बाजूने अभ्यास केला. २००६ ते २०१८ या काळात वेळीच उधळले गेलेले ६७ कट तपासण्यात आले. ते मुख्यतः सहाध्यायांनी कोणा मोठ्या माणसाच्या कानावर घातल्यामुळे उघडकीस आले होते. या दोन अहवालांचे तात्पर्य एकच निघते. इशारा बहुधा मिळालेला असतो. जेथे तो ऐकून पुढे पोहोचवणारे कोणी असते तेथे अनर्थ टळतो.

साचा शोधण्यातील धोका

‘गुन्हेगार मुलाचा साचा नसतो’ हा निष्कर्ष आपल्या समाजाला विशेष लागू आहे, कारण आपल्याकडे साचे तयारच असतात. वर्गात चोरी झाली की पहिली नजर पारधी वस्तीतील मुलाकडे वळते. मारामारी झाली की झोपडपट्टीतल्या मुलाचे नाव आधी निघते. गुरुग्रामच्या प्रकरणात पोलिसांनी तत्काळ शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला आणि त्याने गुन्हा कबूल केल्याचे जाहीर केले. पुढे तपास सीबीआयकडे गेला. त्या यंत्रणेने त्याच शाळेच्या अकरावीतील एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतले आणि परीक्षा व पालकसभा लांबणीवर पडावी म्हणून हे कृत्य केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला. कंडक्टरला २०१८ साली न्यायालयाने दोषमुक्त केले. आरोपाचा निर्णय न्यायालय करील. परंतु एक गोष्ट त्यापूर्वीच सिद्ध झाली आहे. संशयाला जेव्हा गरिबाचा चेहरा दिला जातो, तेव्हा निरपराध माणूस भरडला जातो आणि खऱ्या प्रश्नाकडे पाठ फिरते. परीक्षेचे भय एखाद्या मुलाच्या मनात किती विकृत रूप घेऊ शकते, हा त्या आरोपामागचा प्रश्न कोणत्याही शाळेने स्वतःला विचारावा असा आहे.

अमेरिकेने दुसरी चूक केली ती कठोरपणाची. १९९४ च्या कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभरासाठी काढून टाकणे बंधनकारक झाले. पुढे तेच धोरण क्षुल्लक आगळिकींनाही लावले गेले आणि शाळेबाहेर काढलेल्या मुलांत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठे राहिले. आपल्याकडे याच वृत्तीला ‘हातात दाखला देणे’ म्हणतात. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास मनाई केली आहे. तरीही ‘तुमच्या मुलाला दुसरीकडे घाला’ असे पालकांना सुचवणाऱ्या शाळा कमी नाहीत. दाखला दिल्याने शाळेच्या आवारातले संकट गल्लीत जाते एवढेच. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द वृत्तपत्रांत रूढ झाला आणि त्यात अल्पवयीन मुले सापडू लागली. असे मूल पोलिसांच्या दप्तरात येण्यापूर्वी शाळेच्या हजेरीपटावर असते. पटावरचे त्याचे नाव केव्हा गळले आणि ते गळताना शाळेने काय केले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

काय पाहावे?

खुणा ओळखायच्या म्हणजे मुलांची वर्गवारी करायची असे नव्हे. एकाच मुलाच्या वागण्यात कालच्या मानाने आज काय बदल झाला, हे पाहायचे. त्यासाठी शिक्षकाजवळ महागडी साधने असण्याची आवश्यकता नाही.

पहिले साधन हजेरीपट. एखादे मूल नेमके एकाच वारी गैरहजर राहत असेल, तर त्या वारी कोणता तास असतो, खेळाच्या मैदानावर कोण असते, हे पाहावे. नियमित येणारे मूल एकाएकी शाळेला येण्यास रडू लागले, पोट दुखते म्हणू लागले, तर ते ढोंग समजून दरडावण्यापूर्वी दुखते कोठे आणि केव्हापासून, हे विचारावे. लहान मुलांना अत्याचाराचे वर्णन करण्यासाठी शब्द नसतात. ती दुखण्याच्या, हट्टाच्या, अंथरूण ओले करण्याच्या भाषेत बोलतात.

दुसरे साधन मधली सुट्टी. कोणाचा डबा रोज दुसराच कोणी खातो? कोण सुट्टीभर शिक्षकांच्या खोलीच्या दारापाशीच घुटमळत राहतो? दिवसभर स्वच्छतागृहात जाण्याचे कोण टाळतो? कोणत्या मुलाला त्याच्या नावाने कोणीच हाक मारीत नाही, जातीवरून, रंगावरून, व्यंगावरून पडलेल्या नावानेच मारतात? पोषण आहाराच्या पंगतीत कोण नेहमी टोकाला बसतो? छळ बहुधा शिक्षकाची पाठ वळल्यावर होतो. म्हणून जिन्याखालची जागा, स्वच्छतागृहांची मागची बाजू, शाळेची वाट आणि गाडीतली मागची बाके यांचा विचार केला पाहिजे.

तिसरे साधन मुलाची वही. अक्षर एकाएकी बिघडते, निबंधात मरणाचा किंवा सूड घेण्याचा विषय पुन्हापुन्हा येतो, चित्रात एकच भयप्रद प्रसंग वारंवार उमटतो. ऐन उन्हाळ्यात कोणी लांब बाह्यांचा सदरा उतरवीत नाही. खडू उचलण्यासाठी शिक्षकाने हात वर केला तर कोणी डोके झाकून घेते. मोठ्या वर्गातील एखादा मुलगा आपल्या आवडीच्या वस्तू मित्रांना वाटून टाकतो किंवा ‘आता थोडेच दिवस’ असे हसत हसत बोलतो. एखादा हत्याराशी छायाचित्र काढून मिरवतो, मुक्या जनावराला हाल करून मारतो, कोणाचे तरी नाव घेऊन ‘त्याला बघून घेईन’ असे एकदा नव्हे, अनेकदा म्हणतो. यांपैकी एका खुणेवरून काहीच सिद्ध होत नाही. परंतु दोन-तीन खुणा एकत्र येऊन काही दिवस टिकल्या, तर शिक्षकाने स्वस्थ बसता कामा नये.

धमकीच्या बाबतीतही तारतम्य हवे. व्हर्जिनिया राज्यात ड्यूई कॉर्नेल यांच्या मार्गदर्शनाखाली शाळांतील १८८ धमक्यांची पद्धतशीर तपासणी झाली. त्यांतील सुमारे ७० टक्के रागाच्या भरात निघालेले उद्गार ठरले आणि समज देऊन, समेट घडवून त्यांचा निकाल लागला. उरलेल्यांकडे मात्र अधिक लक्ष द्यावे लागले. नाव घेतलेले आहे काय, वेळ-जागा ठरवलेली आहे काय, साधन जमवलेले आहे काय, कोणाला साथीला बोलावले आहे काय, हे चार प्रश्न विचारले तर तोंडातून निसटलेला शब्द आणि मनात शिजत असलेला बेत यांतील फरक पुष्कळसा ध्यानात येतो.

कसे विचारावे?

खूण दिसल्यावर शिक्षक बहुधा दोनपैकी एक चूक करतात. एक तर मुलाला भर वर्गात उभे करून जबानी घेतात. नाही तर ‘मुलांचे चालायचेच’ म्हणून सोडून देतात. मुलाशी बोलायचे ते एकांतात, परंतु इतरांच्या दृष्टीस पडेल अशा जागी. खाली बसून, घाई न करता. ‘हल्ली तू डबा खात नाहीस, बरे वाटत नाही का?’ एवढे विचारून थांबावे. पहिल्या दिवशी मूल बोलणार नाही. चौथ्या दिवशी कदाचित बोलेल. ते बोलू लागले की मध्ये अविश्वास दाखवू नये, उत्तरे सुचवू नयेत आणि ‘कोणालाही सांगणार नाही’ असे न पाळता येणारे वचनही देऊ नये. ‘तुला मदत करतील अशाच माणसांना सांगू’ असे सांगावे. दुसऱ्या मुलाने मित्राविषयी सांगितले तर त्याला चहाडखोर ठरवू नये, त्याचे नाव फोडू नये. चहाडी आणि मदतीची हाक यांतला फरक मुलांना पहिलीपासून समजावून दिला पाहिजे.

लैंगिक अत्याचाराची शंका आली तर मामला शाळेतल्या शाळेत मिटवण्याचा अधिकार कोणालाच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे आणि न कळवणे हा दंडनीय अपराध ठरवला आहे. बदलापूरच्या प्रकरणात माहिती असून कळवले नाही म्हणून शाळेच्या जबाबदार व्यक्तींवरही गुन्हा नोंदवला गेला. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक ताणासाठी १४४१६ हे मदतीचे क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहिलेले असावेत. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली शाळाशाळांतून सखी सावित्री समित्या स्थापण्याचा आदेश काढला. आपल्या शाळेत ती समिती कागदावर आहे की तिची बैठक होते, हे पालकांनी विचारले पाहिजे.

छडीच्या हाताला गुपित कळत नाही

येथवर सांगितलेले सर्व एका अटीवर अवलंबून आहे. मुलाने शिक्षकाशी बोलावे असे शिक्षकाला वाटत असेल, तर मुलाला शिक्षकाचे भय वाटता कामा नये. आदल्या दिवशी पाढा चुकला म्हणून ज्याने मारले, त्याच्याजवळ दुसऱ्या दिवशी कोणते मूल मन मोकळे करील? शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली, ती केवळ दयाबुद्धीने घातली असे समजू नये. जी शाळा मारते ती, बलवानाने दुर्बलाला मारून आपले म्हणणे खरे करावे, हा धडा रोज देत असते. मुले तो मन लावून शिकतात आणि मधल्या सुट्टीत आपल्यापेक्षा लहानांवर गिरवतात.

भयमुक्त शाळा हे स्वप्नरंजन नव्हे, याचा दाखला नॉर्वेने दिला. १९८२ साली तेथे तीन मुलांनी, बहुधा सोबत्यांच्या छळाला कंटाळून, आत्महत्या केल्या. पुढील वर्षी शासनाने देशव्यापी मोहीम हाती घेतली. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी बर्गेन शहरातील ४२ शाळांत जो कार्यक्रम राबवला, त्यात पहारेकरी वाढवले नव्हते. मुलांना नावाशिवाय प्रश्नावली भरायला दिली, सुट्टीत शिक्षक मैदानावर राहू लागले, छळाविरुद्ध वर्गाने स्वतः नियम केले, वर्गसभा भरू लागल्या आणि छळणारा, सोसणारा व दोघांचे पालक यांच्याशी गंभीरपणे बोलणी झाली. छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. यांपैकी एकही गोष्ट जिल्हा परिषदेच्या शाळेला न परवडणारी नाही.

तथापि सर्व भार शिक्षकाच्या खांद्यावर टाकून मोकळे होणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येक चेहऱ्यावरचा बदल कोणाला दिसणार? निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि नित्य नव्या माहितीचे तक्ते भरण्यात ज्याचा दिवस जातो, त्याने मुलाजवळ केव्हा बसावे? अल्प मानधनावर राबणारा शिक्षणसेवक किंवा विनाअनुदानित शाळेतला शिक्षक संस्थाचालकाच्या नातलगाविरुद्ध तक्रार कोणत्या बळावर करील? शासनाला कॅमेरे बसवणे सोपे वाटते, कारण कॅमेरा एकदा विकत घेतला की संपले. परंतु कॅमेरा घडलेले दाखवतो; घडू पाहणारे ऐकत नाही. ऐकण्यासाठी माणसे लागतात. ती पुरेशा संख्येने, निर्भय आणि कायम नेमणुकीची असावी लागतात. म्हणून वर्गातील पटसंख्या मर्यादित असावी, शाळासमूहामागे एक समुपदेशक असावा, तक्रार करणाऱ्या शिक्षकाला नोकरीचे संरक्षण असावे, या मागण्या शिक्षक संघटनांनी वेतनाच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडल्या पाहिजेत आणि पालकांनी त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. ती जागा केवळ सही करण्यासाठी नाही.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाचा भार त्यांनी सांभाळला. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या आवरीत, अस्ताव्यस्त कपडे धुऊन ठेवीत. त्या कामात शिस्तीचा धाक नव्हता. ज्याची चादर आपण रोज घडी घालतो, त्या मुलाची झोप केव्हा उडाली हे सांगावे लागत नाही. आजच्या प्रत्येक शिक्षकाने गुरुजी व्हावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. अपेक्षा त्याहून पुष्कळ लहान आहे. उद्या हजेरी घेताना प्रत्येक नावानंतर मान वर करून त्या मुलाकडे एकदा पाहावे. जे नाव सलग तीन दिवस गैरहजर आहे, त्याच्या घरी चौथ्या दिवशी कोणीतरी जावे. आणि जो मुलगा आज प्रथमच गप्प आहे, त्याच्याजवळ मधल्या सुट्टीत पाच मिनिटे बसावे. एवढ्याने सर्व अनर्थ टळतील असे नाही. परंतु ज्यांचा इशारा आपल्याला मिळाला होता, असे अनर्थ तरी पुष्कळसे टळतील.